नाव खाली टाका, मिस्त्री

एकदा ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे होऊ देणं, हा आमच्या साडभाऊंच्या मते निव्वळ आळशीपणा आहे. चहाची ऑर्डर असो की पोरीच्या लग्नाची तारीख, एकदा तरी बदलल्याशिवाय ती त्यांच्या अंगी लागत नाही. मंगरूळच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलवाल्यानं तर त्यांची पहिली ऑर्डर ऐकणंच सोडून दिलं आहे. ते चहा म्हणाले की तो नुसती मान डोलावतो आणि जागचा हलत नाही. दोन मिनिटांनी साडभाऊ "राहू दे, कॉफीच आन" म्हणाले की मग कुठे भांडं चढवतो. कॉफी समोर आली की ते शेजारच्या टेबलावरच्या चहाकडे असे बघत बसतात की त्या चहा पिणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. एकदा त्यांनी शिंप्याकडे फुल शर्टाचं कापड टाकलं. तिसऱ्या दिवशी जाऊन हाफ करायला सांगितलं, पाचव्या दिवशी बंडी, आणि आठव्या दिवशी 'कॉलर लावता येते का बंडीले?' असं विचारायला गेले. शेवटी उरल्यासुरल्या कापडाची शिंप्यानं पिशवी शिवून दिली. तिचे बंद लांब करून घ्यायला साडभाऊ पुन्हा एकदा जाऊन आले.

इंझोरीला त्यांनी स्लॅबचं घर बांधलं तेव्हा गवंड्यांच्या दोन टोळ्या मध्येच काम सोडून गेल्या. त्या घरात स्वयंपाकघराला एक दार आहे, ते उघडलं की समोर भिंत लागते. नवा पाहुणा हमखास फसतो आणि मग सगळे हसतात. "तवा गोठा तिकडं काढाचा होता, सर," असं साडभाऊ मला दर वेळी शांतपणे समजावून सांगतात. मी वाशीमला शाळेत शिकवतो, म्हणून त्यांच्यासाठी मी सर. ओसरीच्या स्लॅबमध्ये बंगई टांगायला कड्या ठेवायच्या होत्या, दोन. आज तिथे सहा कड्या आहेत, कारण जागा दोनदा बदलली. बंगई म्हणजे आमच्याकडचा लाकडी झोपाळा. ती काही आली नाही. त्या कड्यांना वर्षानुवर्षं कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधलेल्या असत, आणि मधल्या काळात नातवंडांचे पाळणे.

आयुष्यात त्यांनी न बदललेला निर्णय मला एकच ठाऊक आहे, आणि तो म्हणजे आमच्या ताई. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. पाहायला गेले, होकार दिला आणि त्या होकाराला पुढे कधी हात लावला नाही. मी एकदा गमतीनं विचारलं, की हा एवढा निर्णय कसा काय टिकला? ते गंभीरपणे म्हणाले, "तवा फोन कुठं होते? पत्र लिवाचा इचार करू करू लगन लागून गेलं." आत ताई भाकरी थापत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "मले समजलं होतं. म्हनूनच बाबाले म्हनलं, तारीख जवळची काढा." त्यांचं असं होतं. ते बदलत राहायचे आणि त्या त्यातून संसार नीट पार पाडायच्या. साडभाऊंनी एक भाजी सांगितली की ताई दुसरीचीही तयारी करून ठेवत.

ताईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. धाकटी पोरगी सासरी गेली तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "आता मले एक बंगई करून द्या. बाकी काई नोको." त्यांच्या माहेरी एक मोठी सागवानी बंगई होती. भाऊ वेगळे झाले तेव्हा कोणाच्याच खोलीत मावेना म्हणून ती विकली गेली. माझी बायको सांगते, शाळेतून आलं की ताई दप्तर न काढता आधी बंगईवर बसायची. साडभाऊंनी त्याच आठवड्यात आसेगावच्या मिस्त्रीकडे जाऊन ऑर्डर दिली.

हे आसेगावचे मिस्त्री म्हणजे म्हातारा, एकटा माणूस. बंगईला ते खिळा लावत नाहीत, सगळं सांध्यात बसवतात, आणि एक पुरी झाल्याशिवाय दुसरीला रंधा लावत नाहीत. महिन्याला एक, फार तर. रांगेतल्या लोकांची नावं त्यांनी कामाच्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूनं पेन्सिलीनं लिहिलेली असतात, नावापुढे माप. त्यांचा नियम एकच. माप बदललं की नाव पुसायचं आणि सगळ्यांच्या खाली लिहायचं. लाकूड ते मापावरून निवडतात, त्यामुळे एकानं माप बदललं की मागच्याचा खोळंबा होतो, आणि तो त्यांना मान्य नाही. असा नियम आणि आमचे साडभाऊ यांची गाठ पडली म्हटल्यावर पुढचं काही सांगायलाच नको. अकराव्या नंबरवरून ते सहावर आले आणि चार फुटांची पाच फूट करून पुन्हा तळाला गेले. तिथून चारपर्यंत चढले, तर म्हणे पाठ टेकायला मागे पाटी पाहिजे. आम्ही सगळे हसलो. "येईल तुमची बंगई, ताई, पण नातवाच्या लग्नात," असं मीच म्हणालो होतो. ते आठवलं की आता जीभ चावावीशी वाटते.

त्यानंतर ताईंच्या पोटात दुखायला लागलं. अकोल्याला नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, की आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला, दिवाळीपर्यंत वेळ आहे असं समजा. साडभाऊंनी मान डोलावली, चार पावलं गेले आणि परत येऊन डॉक्टरांना विचारलं, "यात काई बदल होऊ शकते का?" आयुष्यभर या माणसाच्या त्या सवयीला मी हसत आलो होतो, पण तिथे उभा असताना मला रडू आवरेना.

घरी आल्यावर ताईंना ओसरीत खाट टाकून दिली. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं कळलं होतं. संध्याकाळी आम्ही तिघं बसलो होतो. वरच्या सहा कड्यांकडे बघत त्या सहज म्हणाल्या, "तेवढी बंगई आली का मी मोकळी. एक झोका घेते अन् जाते." मी उगाच काहीतरी बोलून विषय बदलला. साडभाऊ उठले आणि गाईकडे गेले.

दिवाळी गेली. संक्रांतही गेली. ताई खंगत होत्या, पण होत्या. आणि इकडे साडभाऊंचे आसेगावचे खेटे पहिल्यापेक्षा वाढले. त्यांचा नंबर वर आला की हे मोटारसायकल काढून निघालेच. रुंदी दोन इंच वाढवली. मग हात टेकायला दोन्ही बाजूंना दांडे सांगितले. मग ती वाढवलेली रुंदी परत दोन इंच कमी केली. हे बायकोकडून कळलं तेव्हा माझा संताप संताप झाला. ती बाई एका झोक्यासाठी डोळे लावून पडली आहे आणि या माणसाला आताही आपली खोड आवरत नाही! मी शाळेत रजा टाकली आणि सरळ आसेगाव गाठलं. म्हटलं, मिस्त्रींच्या पाया पडावं, पण ताईंची बंगई आधी करून घ्यावी.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. रंधा बाजूला ठेवला, मला दाराजवळ नेलं आणि सगळ्यात खालचं नाव दाखवलं. तिथे पेन्सिल इतकी वेळा खोडली होती की लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"सर, तुमचे साडभाऊ दिवाळीच्या आधी आले होते," ते म्हणाले. "म्हने, लोखंडी साखळ्या नोको, पितळी लावा. मी म्हनलं, लावतो. साखळीले नाव खाली टाकत नाही, ते माप नोहे. तं हा मानूस खूश व्हाच्या ऐवजी तोंड पाडून बसला. मले पुसते, मंग काय बदललं तं नाव खाली जाते?"

मिस्त्रींनी त्या नावावरची भुकटी बोटानं झटकली.

"मी म्हनलं, काहून? तं बोलेच ना. मंग सांगतलं त्याइनं, घरचं बिमार आहे, अन् काय बोलून गेलं ते. इतली वर्सं झाली सर, लोकं येतेत, हातापाया पडतेत, नाव वर घ्या म्हन्तेत. हा पयला मानूस पाह्यला का खाली टाका म्हन्ते."

मी तिथल्या ओंडक्यावर बसलो. मिस्त्रींनी पाणी दिलं, आणि ज्यासाठी आलो होतो ते पुन्हा न मागताच मी निघालो.

तिथून इंझोरीला गेलो. साडभाऊ ताईंच्या खाटेशेजारी संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून वाटीत ठेवत होते. त्यांना मी अंगणात बोलावलं आणि म्हटलं, की मला सगळं समजलं, पण हे बरोबर नाही. ताईंना एकदा तरी बसू द्या, नाहीतर पुढे तुम्हालाच जन्मभर लागून राहील. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "तिनं सवता म्हनलं सर, बंगई आली का जाते. तुमी होते ना तिथं? तुमी आनता का बंगई? आना मंग. मी नाई आनत." एवढं बोलून ते वाटी माझ्या हातात देऊन विहिरीकडे चालते झाले. या माणसाला मी इतक्या ठामपणे बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मी वाटी घेऊन आत गेलो. ताई जाग्या होत्या, आणि अंगणातलं बोलणं ओसरीत ऐकू येतं.

"त्याईले काई बोलू नोका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी आपली बोलून गेली त्या दिवशी. वापस घेतलं तरी ते ऐकत नाहीत. मी दोनदा म्हनलं, बंगईवर बसली तरी जात नाही, तुमी आना. ते म्हन्तेत, तू मले फसवून राह्यली."

"पण तुम्हाला बसायचं आहे ना, ताई?"

"लई वाटते," त्या म्हणाल्या. "रोज वाटते. डोये मिटले का बंगईचा आवाज येते." थोडा वेळ त्या दम घेत राहिल्या. "पन हे लई भेले आहेत. आसेगावले जाऊन आले का त्या दिवशी दोन घास जेवतेत, झोप लागते त्याईले. मी ते पाहाव का झोके घ्याव? कितवा नंबर आला?"

मी दारावर पाहिलेलं सांगितलं. सगळ्यात खाली नाव होतं खरं, पण रांग आता लहान झाली होती, वर दोघंच उरले होते. मे महिना लागायच्या आत बंगई येणार होती.

"अन् बदलाले काय राह्यलं?"

मी बोटांवर मोजून दाखवलं. लांबी झाली, रुंदी झाली, ती परत झाली, पाटी झाली, दांडे झाले. ताई डोळे मिटून पडल्या. झोप लागली असं समजून मी उठणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मोर. मांगच्या पाटीवर मोर कोराचा. त्याले जाड पाटी लागते, मंग मापच बदलते. अन् मिस्त्रीच्या हातानं मोर म्हनजे बसा पाहत." त्यांच्या चेहऱ्यावर अगदी ती तारीख जवळची काढायला सांगणारी पोरगी होती. "तुमी नोका सांगू. मी सांगते त्याईले, आडून आडून. त्याईले वाटलं पाह्यजे आपल्यालेच सुचलं."

चार दिवसांनी साडभाऊंचा फोन आला. कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका मोकळा ऐकला नव्हता. सकाळी उठल्या उठल्या एकदम डोक्यात आलं म्हणाले, बंगईच्या पाटीवर मोर पाहिजे, मोराशिवाय बंगईला शोभाच नाही. मिस्त्रींनी एक शब्द न बोलता नाव पुसलं, आणि मध्ये तिघं नवे लागले होते त्यांच्याही खाली लिहिलं. ताईंनी मोराचं ऐकून काय म्हटलं, असं मी विचारलं. "काई नाई. बरं सुचलं म्हने." मग म्हणाले, "सर, एक पुसाचं होतं. मोर एकच काढाव का दोन?"

खिडकीबाहेर ऊन चढत होतं. माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिनं तोंडाला पदर लावला होता. मला ताईंचे मिटलेले डोळे दिसत होते, आणि त्यांना रोज ऐकू येणारा तो आवाज मलाही येत होता.

"दोन काढा," मी म्हटलं.

"हो ना? मले बी तसंच वाटत होतं," साडभाऊ म्हणाले. "तं मंग उद्या अजून एकदा जा लागंल आसेगावले."