अंगठा मागणारा नळ

लोकांना भीती वाटावी म्हणूनच मी तो नळ केला होता. आधीच सांगून टाकते, नंतर कुणी हेतू विचारायला नको.

मी पत्रकं लिहिते. पाण्यावर, रेशनवर, बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्यांवर. पत्रकाचं पुढं काय होतं ते मला माहीत आहे. लोक घेतात, 'झ्याक लिवलंय' म्हणतात आणि त्यातच भजी बांधून नेतात. संगमनेरच्या एका कॉलेजातले सर म्हणाले, "रोजच्या वस्तू उद्या कशा असतील, यावर हात लावून बघायचं प्रदर्शन करतोय. तू एखादी वस्तू करशील?" तेव्हा मी एका पायावर तयार झाले. भज्यांना उपयोगी पडणार नाही असं काहीतरी एकदा करायचंच होतं.

कोणती वस्तू, हा प्रश्नच नव्हता. आमच्या वस्तीवर टाकीखाली सार्वजनिक नळ आहे. पाणी सुटलं की येईल त्यानं भरावं. त्याला रेशनसारखं अंगठ्याचं यंत्र बसवायचं, अशी कुजबुज ग्रामपंचायतीत सुरू झाली होती. अंगठा जुळला तर पाणी. ऐकायला किती सरळ! पण माझ्या शेजारी एक मावशी राहते, एकटी. तिचा उभा जन्म खुरपण्यात आणि लोकांच्या कांदाचाळीवर कांदा निवडण्यात गेला. बोटांवरच्या रेषा राहिल्याच नाहीत. रेशनचं यंत्र तिला ओळखत नाही. पूर्वी सुनेच्या अंगठ्यावर धान्य यायचं, पण मुलगा-सून चाकणला गेले आणि तेही रखडलं. धान्याचं एक वेळ उसनंपासनं करून भागतं. पाणी रोज लागतं.

माझा एक मित्र विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान चालवतो. त्यानं वायरिंग केलं. खराखुरा पितळी नळ, खाली हंडा, बाजूला काच. काचेवर अंगठा ठेवला की माझ्याच आवाजात, "ओळख पटली. भरा." मधूनच, "ओळख पटली नाही. बाजूला व्हा." काच काही वाचत नव्हती. कधी हो म्हणायचं, कधी नाही, ते यंत्राच्या मर्जीवर सोडलं होतं.

"न्हाई कुणाला म्हणायचं, ते तरी ठरव," मित्र म्हणाला.

"ठरवायचंच नाही. भयंकर आहे ते तेच."

"लोक नळ उपटून नेतील बघ."

"नेऊ देत. त्यासाठीच चाललंय."

कुणी उपटला नाही. लोकांनी रांग लावली, न सांगता. काच दिसली की बायका अंगठा केसांत घासायच्या. तेलाचं बोट यंत्र लवकर घेतं, हे रेशनच्या दुकानात शिकलेलं. नळानं नाही म्हटलं की, "माझाच अंगठा बाद हाय," म्हणून हसत बाजूला. त्या आवाजात मी ठासून उर्मटपणा भरला होता. एका म्हाताऱ्या बाबांनी त्याला मान लववून "व्हय बाई" म्हटलं.

आणि खरा घोटाळा पुढंच होता. आमच्याकडं प्रदर्शन म्हणजे कृषी प्रदर्शन. फवारणी पंप, ठिबकच्या नळ्या, कडबाकुट्टी. तिथं मांडलंय म्हणजे ते मिळतंय. सावध करायला कुणी काही मांडतं, हे कुणाच्या गावीच नाही.

"ताई, कंपनी कुठली?"

"सबसिडीत बसतं का?"

"काका, हे विकायला नाही. हे तुम्हाला सावध करायला आहे."

"आमी सावधच हाय की! म्हनून तर इचारतो, वॉरंटी किती?"

आमचे सरपंचही आले होते. त्यांनी नळाचा फोटो काढला, फक्त हसले आणि गेले.

मावशीला मी मुद्दाम नेलं होतं. तिला नळ नाही म्हणेल, ती शिव्या देईल, चार माणसं ऐकतील, असा माझा हिशेब. तिनं अंगठा केसांत घासला, काचेवर दाबला आणि डोळे मिटून घेतले.

"ओळख पटली. भरा."

मावशीनं डोळे उघडले. "घेतला! अगं, घेतला मला!" बाकीच्या बायकांना ती ओढून ओढून अंगठा दाखवत सुटली.

"मावशी, ती नुसती काच आहे. ती कुणालाच ओळखत नाही."

"तू गप. रेशनवालं मशीन फुटकं हाय, मी कवाधरनं सांगती. हे चांगलं हाय."

"अगं, मी केलंय ते!"

"मग चांगलंच केलंस की, पोरी."

ग्रामसभा भरली तेव्हा मी उभी राहिले आणि ज्यांचे अंगठे लागत नाहीत त्यांचं काय, असं विचारलं. सरपंचांना उत्तर द्यावंच लागलं नाही. मागून मावशी उठली. आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत बोलली ती.

"मला घेतो की तो नळ! संगमनेरला समद्यांनी बघितलंय."

लोक हसले, हात वर झाले. ठराव मंजूर. मी ओरडत होते ते इतिवृत्तात कुठं आलंही नसेल.

यंत्र बसलं. अंगठे नोंदवायच्या दिवशी टाकीखाली टेबल मांडलं होतं. मावशी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक करून सगळी बोटं. नोंदणी करणारा मुलगा वाईट नव्हता. तिचा हात त्यानं स्वतः फडक्यानं पुसला, परत दाबला.

"न्हाई होत, आजी. घरातलं दुसरं कुणी?"

"न्हाई कुणी."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. "तुझं ते मशीन आन की गं," ती हळूच म्हणाली. "त्याला येतंय."

मी पुढं झाले आणि तिचं घर माझ्या अंगठ्याखाली घालायला सांगितलं. मुलानं घातलं. तेवढी सोय यंत्रात होती.

सरपंच तिथंच खुर्ची टाकून बसले होते. मी निघाले तर उठून आले, गोड आवाजात म्हणाले, "बरं केलंत, ताई. म्हातारीची दुवा लागंल. फक्त एक हाय. दोन घरांचं पाणी आता तुमच्या एका अंगठ्यावर आलंय. नाव कवा बंद पडंल, चालू व्हईल, मशीनचा काय भरोसा? तवा जरा जपून लिवत जा."

आता पाणी सुटलं की मी आधी मावशीचा हंडा भरते, मग आमचा. नळावरचं पत्रक लिहून झालंय. तीनदा वाचलं, एक शब्द बदलावासा वाटत नाही. छापायला अजून दिलेलं नाही.