अठराशे वॅट आणि धुण्याचा दगड

गेल्या उन्हाळ्यात माझी बायको माझ्याच हातून जाता जाता वाचली. मी त्या वेळी पडद्यावरचा एक आकडा खरा की खोटा याचा छडा लावत बसलो होतो. आता लिहितानाही लाज वाटते, पण लिहायला हवं.

मी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात राहतो आणि लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. घराच्या मागच्या अंगाला माझी खोली आहे आणि खोलीच्या खिडकीखालीच धुण्याचा दगड. दिवाळीनंतर कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. संक्रांतीपर्यंत मशीन लोण्यासारखं चाललं आणि मग बिघडलं. फिल्म तयार करायला लावली की दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा व्हायचा आणि मशीन आपोआप परत चालू व्हायचं. लग्नसराई तोंडावर आलेली आणि मी रोज त्याच हळदीच्या प्रसंगापाशी अडकलेला.

कार्ड किती वीज ओढतंय हे दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो मी टाकून घेतला. काम नसताना तो तीन वॅट दाखवायचा, फिल्म लावली की दोनशेच्या आसपास. आणि पडदा काळा व्हायच्या क्षणभर आधी अठराशे. माझ्या डब्यातला पॉवर सप्लायच साडेपाचशेचा. अठराशे वॅटमध्ये बंबभर पाणी तापेल. हे शक्य नाही हे मला कळत होतं, तरी मी त्या आकड्याचे फोटो काढून ठेवले, मित्रांना पाठवले आणि कार्डच सदोष आहे असं सगळीकडे सांगत सुटलो. पडद्यावर आलेली गोष्ट मला नेहमीच खरी वाटत आली आहे.

संक्रांतीच्या सुमारास बायको म्हणाली होती, मागच्या दगडावर धुणं धुताना हाताला झिणझिण्या येतात, पायाला पण. मी पडद्यावरून मानही न वळवता सांगितलं की अंगात बी-ट्वेल्व्ह कमी असेल, आणि संध्याकाळी मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या. तिनं त्या घेतल्या. पण काही दिवसांनी ती धुणं घेऊन चुलत जावेच्या दारात जायला लागली. मला वाटलं, गप्पांची हौस.

शेवटी एक दिवस मशीन गोधडीत गुंडाळून मोटरसायकलवरून जुन्नरला नेलं. बाजारपेठेतल्या बोळात चाचांचं दुकान आहे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. कार्ड त्यांच्याकडूनच घेतलेलं. त्यांनी तीन दिवस मशीन चालू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही. हसून म्हणाले, हे माहेरी नीट वागतं, सासरी रुसतं. मी घरी आणलं आणि अर्ध्या तासात पडदा काळा. मी फोन लावून त्यांना नको ते बोललो. वापरलेलं कार्ड माझ्या गळ्यात मारलंत, असंही बोललो. चाचा चिडले नाहीत. म्हणाले, घरची अर्थिंग बघा, उन्हाळ्यात जमीन सुकते, अर्थिंगची सळई जमिनीत पुरलीय तिथं मीठ-पाणी ओतत जा.

हे आमच्याकडं सगळेच करतात. सळई धुण्याच्या दगडाला लागूनच होती. मी बायकोला सांगितलं की रोज सकाळी एक बादली मिठाचं पाणी तिथं ओतायचं. ती म्हणाली, मला तिथं जायची भीती वाटते. माझं डोकं फिरलं.

"एक बादली ओतायला तिथं काय बिबट्या बसलाय?" मी म्हणालो.

ती ओतायला लागली. पायात चप्पल घालून, दोन हात लांबून, पाणी फेकून मागं पळायची. मी खिडकीतून बघायचो आणि हसायचो. आणि मशीन चालायला लागलं. चार दिवस एकदाही बंद पडलं नाही. मग ती दोन दिवस घोडेगावला माहेरी गेली आणि पडदा पुन्हा काळा. मी तिला फोन करून विचारलं की कधी येतेस. तिला बरं वाटलं असेल. मला बादलीची आठवण आली होती.

शुक्रवारी दुपारची नमाज उरकून चाचा स्वतःच आले. बायकोही त्याच सकाळी परतली होती. मी अठराशेचा फोटो दाखवला तर ते म्हणाले, एवढी वीज ओढली असती तर ही वायर जळून गेली असती, विजेचा दाब एकदम खाली आला की मोजणारा प्रोग्रॅम बरळतो, त्याचं काय ऐकायचं. मग त्यांनी मला फिल्म चालू करायला लावली आणि भिंतीतला बोर्ड उघडला. एक काळी वायर बोर्डातून निघून खिडकीबाहेर गेली होती. ती बघताच ते घाईनं मागच्या अंगणात गेले. मी मागोमाग. बायको बादली उचलून सळईकडे निघालीच होती.

"ताई, बादली ठिवा," ते म्हणाले. "तिकडं जाऊ नका. मागं सरा."

त्यांनी सळईला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

ती वायर माझीच होती. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटला होता. अशा वेळी जमिनीतली सळईच न्यूट्रल म्हणून वापरायची, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही येतं. एका लग्नाची फिल्म द्यायची होती म्हणून मी माझ्या खोलीची परतीची वायर सळईला जोडली. तिसऱ्या दिवशी खांबावरचं काम झालं, पण माझी वायर तशीच राहिली. पुढचे सगळे महिने मशीनची वीज त्या सळईतून जमिनीत उतरत होती, आणि त्या ओल्या जमिनीवर ती अनवाणी धुणं धूत होती. तिनं तिथं धुणं थांबवलं तशी जमीन सुकली, वीज तिच्यात नीट उतरेना, दाब पडायला लागला आणि मशीन बंद पडायला लागलं. मी तिला परत तिथं पाठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळशात तिचा जीव होता.

चाचांनी वायर तोडली आणि बोर्ड नीट जोडून दिला. जाताना तिच्यापुढं उभे राहून म्हणाले, "मीठ-पाणी मीच सांगितलं व्हतं. न बघता सांगितलं. माझं चुकलं." मी बाजूलाच उभा होतो.

संध्याकाळी मी तिला विचारलं की एवढं होत होतं तर मला ठणकावून का नाही सांगितलंस.

"सांगितलं व्हतं की," ती म्हणाली. "तुमी गोळ्या दिल्या. मी घेतल्या."

ती पुन्हा मागच्या दगडावर धुणं धुते. वायर नाही, सळईही मी उपटून टाकली आणि तिला तो खड्डा दाखवला. तरी रोज बसायच्या आधी ती उलटा हात दगडाला हळूच लावून बघते. मी खिडकीतून सांगतो की आता काही नाही तिथं. ती हो म्हणते आणि हात लावून बघते.