कालपासून ताप

आमच्या टीममध्ये क्लायंटशी बोलायचं काम माझ्याकडे असतं. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात एक रीत आहे. काही बिघडलं की कॉलच्या आधी सगळे दहा मिनिटं एकत्र बसतात, काय सांगायचं ते ठरवतात, आणि मग कॉलवर एकच जण बोलतो. बाकीचे माइक बंद ठेवतात. हे मला सफाईने जमायचं आणि त्याचा तोराही होता. आता किळस येते.

वारज्यात आम्ही तिघे एका फ्लॅटमध्ये राहायचो, तिघेही त्याच टीममधले. त्यातला एक अमरावतीकडचा. वडिलांचं पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. आमच्या आळशीपणाला शिव्या घालत सगळी भांडी तोच घासायचा.

त्या रविवारी सकाळी अकरालाच आम्ही गाणी लावली. सोसायटीच्या बोर्डावर आमच्या फ्लॅटच्या नंबरसकट सूचना होती : 'आवाज कमी ठेवावा. समजत नसल्यास घर बदलावे.' म्हणून खिडक्या घट्ट लावल्या, पडदे ओढले आणि नशेची एकेक गोळी घेतली. आधी दोनदा घेतली होती, काही झालं नव्हतं. तेवढ्यावर आम्ही स्वतःला जाणकार समजत होतो.

एकच्या सुमारास तो असंबद्ध बोलायला लागला. आधी आम्ही हसलो. मग त्याचा जबडा आवळला गेला, दात करकरायला लागले. अंगाला हात लावला तर चटका बसेल इतकं ते तापलं होतं. आम्ही त्याला रिक्षात घातलं.

रिक्षातच ती दहा मिनिटांची मीटिंग झाली. "खरं सांगितलं तर पोलीस येतील," तिसरा म्हणाला. "कंपनी उद्याच हाकलेल तिघांनाही." शेजारच्या बिल्डिंगमध्ये डेंगी झाला होता. तेच सांगायचं ठरलं. बोलणारा अर्थातच मी.

"याने काही घेतलंय का?" डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं.

"नाही डॉक्टर. कालपासून ताप आहे. आमच्याकडे डेंगीची साथ आहे."

माझी स्वतःचीही गोळी अजून उतरली नव्हती, तरी मी एका शब्दाला अडखळलो नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. तापाचं इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला पाठवलं. आम्ही बाकड्यावर बसून रिपोर्टची वाट बघत राहिलो. गोळीने चढलेल्या तापावर तापाचं औषध चालत नाही, हे मला त्यानंतर कळलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला, निभावलं बुवा, असंच वाटत होतं.

चारच्या सुमारास त्याला झटके आले. बाई बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं.

"हे दोन वाजता आठवलं नाही का आपल्याला?" एवढं बोलून त्या आत धावल्या. बर्फ आणा, बर्फ आणा, असं कुणीतरी ओरडत होतं.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

पोलिसांना मी सगळं सांगितलं. त्याच्या वडिलांना मात्र सांगू शकलो नाही. स्मशानात ते माझ्या खांद्यावर हात ठेवून रडले, तेव्हाही नाही.

पंधरवड्याने त्याचे आईवडील सामान न्यायला फ्लॅटवर आले. आईने त्याचे कपडे बॅगेत भरले आणि मग, हात रिकामे ठेववेनात म्हणून असेल, आमच्याच ओट्यावर चहा मांडायला गेल्या. वडील त्याच्या गादीवर बसले होते. हातात दवाखान्याच्या फाइलीतला पहिला कागद होता.

"गोळीचं समजलं मले," ते म्हणाले. "पोट्टे चुकतात. पन हे पाह्य, कालपासून ताप लिवलं आहे. शनिवारी सांजच्याले अर्धा घंटा बोलला माह्याशी. ताप होता त्याले, अन् बाप असून मले आवाजातून समजलं नाही. तेव्हाच समजलं असतं तर म्या त्याले दवाखान्यात धाडलं असतं, बेटा. झोप नाही लागत मले."

मला गप्प बसता आलं असतं. त्या क्षणी तसा मोहही झाला, हे लपवत नाही.

"काका, त्याला ताप नव्हता. शनिवारी तो अगदी बरा होता."

"मंग हे कोनं सांगतलं डॉक्टरले?"

"मी."

त्यांनी कागदाची सावकाश घडी घातली, खिशात ठेवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "याच्यासाठी चहा नको मांडू."