ताईने मोजलेली नाडी

वॉर्डात नवी शिकाऊ मुलगी आली की तिच्या कोऱ्या बॅगेचा रेक्झिनचा वास येतो, आणि मी पुन्हा बाजारातल्या त्या दुकानात ताईशेजारी उभी असते. नर्सिंगला अर्ज दोघींनी केला होता. खरी ओढ तिची, मी आपली तिच्या मागून, आणि नंबर लागला माझा. तरी खरेदीला तीच आली. "पावसात पुस्तकं भिजली तर काय करशील गो?" म्हणत तिने चेन चारदा ओढून पाहिली, जाड काळी बॅग घेतली, मग सेकंदकाट्याचं घड्याळ. मांडवीच्या जेटीवर बसलो तेव्हाही बॅग तिच्याच खांद्यावर होती. घड्याळ हातात धरून तिने माझं मनगट पकडलं आणि ओठ हलवत नाडी मोजली. बोटं अगदी नेमक्या जागी. "केवढी जोरात चाललीय! घाबरू नको, जमेल तुला." मी नुसती मान हलवली. मी घाबरले नव्हतेच. ती नाही, मी जाणार, याचा आनंद छातीत मावत नव्हता. आता रोज किती मनगटं हातात घेते. भीतीने धावणारी नाडी आणि आनंदाने धावणारी नाडी बोटांना सारखीच लागते. ताईलाही सारखीच लागली असेल, असं मी अजून स्वतःला समजावते.