जांब आणि सांबाराचा वाफा

परसात काय लावावं हे विचारायला मी नर्मदाबाईंकडे पहिल्यांदा गेले, ते शेचाळीस साल. ह्यांची बदली पैनगंगेच्या अलीकडच्या त्या गावात शाळेवर झाली होती. आमच्या आणि त्यांच्या परसामध्ये छातीइतकी मातीची भिंत. पलीकडे, भिंतीला लागूनच न्हाणीचा दगड, त्याच्या पाण्यावर सांबाराचा हिरवागार वाफा, आणि परसाच्या मधोमध एक जांबाचं झाड. जांब म्हणजे पेरू आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, एवढं तोवर मला कळलं होतं.

"जांब लावू का सांबार पेरू?" मी भिंतीवरून विचारलं.

नर्मदाबाईंच्या हातातलं खुरपं थांबलं नाही. "मास्तरीणबाई, तुमची बदली कवा व्हईल?"

"काय सांगावं."

"मंग सांबार पेरा. धने चपलंखाली रगडा, एका धन्याच्या दोन फाका व्हऊ द्या, वाफ्याला ओल धरा. महिन्यात जुडी हातात. जांबाचं तसं न्हाई. तीन-चार वर्सं त्याची उठबस करा, मंग राघू येतेत, वाघळं येतेत, पावसाळी फळात अळ्या व्हतेत."

"पण फळ तर मिळतं."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "सांबार आज उपटला, उद्या तिथं दुसरा. त्याला कायी आठवत न्हाई. झाड ध्यानात ठेवतं."

"काय ध्यानात ठेवतं?"

"समदं," त्या म्हणाल्या आणि मला एक जुडी देऊन आत गेल्या.

त्या झाडाचं फळ त्या घरात कुणी खात नसे. पाच वर्षांची सखू, त्यांची एकुलती एक लेक, खाली पडलेल्या जांबालाही हात लावत नसे. पडलेली फळं नर्मदाबाई ओच्यात गोळा करत आणि बुंध्याशीच पुरत. राघूंना मात्र हाकलत नसत. दर सोमवारी बुंध्याभोवती सारवायचं, एका करवंटीत चमचाभर दूध ठेवायचं. एकदा भर दुपारी मी भिंतीशी उभी असताना त्या बुंध्याला कान लावून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ऐकू आलं?"

"काय?"

"कायी न्हाई. वारं असंल."

कारण मला विहिरीवर बायकांकडून कळलं. सखूच्या आधी त्यांना मुलगा झाला होता. चार महिन्यांचा होऊन गेला, दात यायच्या आत. त्यांच्याकडे इतक्या तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, घराच्या आवारातच पुरतात. आणि जागा आईला सांगत नाहीत. आईला जागा कळली तर पाठचं लेकरू टिकत नाही, असं मानतात. तातेरावांनी, नर्मदाबाईंच्या मालकांनी, एकट्यानं सगळं उरकलं. नर्मदाबाई आत पडून होत्या, अंगावर दूध दाटलेलं. सुतक फिटल्यावर बाहेर आल्या तर परसात मधोमध बोटाएवढं जांबाचं रोप नवीन लावलेलं. त्यांनी काही विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच. त्यांना कळलं, असं त्यांना वाटलं.

त्यांना जागा ठाऊक आहे असं त्या तोंडानं कधी म्हणाल्या नाहीत. झाडाची सेवा करायला कुणाची हरकत नव्हती. तातेराव बघत असत आणि गप्प असत. गप्प राहणं हा त्यांचा स्वभावच, असं मी धरून चालले होते.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांतून रझाकारांच्या जाळपोळीच्या बातम्या येऊ लागल्या. लोक नदी ओलांडून वऱ्हाडात जात होते. आमच्या गल्लीतले इनायतभाई कापसाचा व्यापार करत. त्यांनी स्वतः गाडी जुंपली. "माझ्या गाडीला कोणी अडवणार न्हाई," ते ह्यांना म्हणाले. "नदीपर्यंत सोडून येतो. तातेरावचं बिऱ्हाड बी घ्या."

आमचं गाठोडं गाडीत चढलं, सखू चढली. नर्मदाबाई येईनात. मी भिंतीशी जाऊन पाहिलं. त्या जांबाला मिठी मारून बसल्या होत्या.

"सखूला न्या," त्या म्हणाल्या. "मी न्हाई येत. ह्याला एकटं टाकून कुठं येऊ?"

"सखूच्या माय, उठ," तातेराव म्हणाले.

"तुमी तवा बी माझ्याजवळून उचलून नेलं. आता मला उचलू नगा."

दारातून इनायतभाईंचा आवाज आला, "भाभी, चला, ऊन चढून राहिलं."

तातेराव उभेच होते. हातातली घोंगडी त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "तो तिथं न्हाई."

"काय?"

"झाडाखाली न्हाई तो."

"मंग कुठं हाय?"

त्यांची नजर गेली. न्हाणीच्या दगडाकडे, माझ्या पायापासून हातभर अंतरावर, भिंतीच्या पलीकडच्या हिरव्या वाफ्याकडे. मी पाहिलं आणि नर्मदाबाईंनीही पाहिलं.

त्या ओरडल्या नाहीत. आपल्या हातांकडे बघत राहिल्या. सकाळीच त्यांनी वाटेच्या शिदोरीसाठी सांबार उपटून ठेचा केला होता, नखांत माती अजून होती. मग त्या उठल्या आणि चालत जाऊन गाडीत बसल्या.

नदी दिसेपर्यंत शिदोरी तशीच राहिली. सखू त्यांच्या मांडीवर झोपली तेव्हा त्यांनी हळू आवाजात विचारलं, "झाड काहून लावलं मंग?"

"तू परसभर नजर फिरवून राहिली होतीस. ती एका जागी थांबावी म्हणून."

"आन वाफा केला तवा? मी म्हटलं, बाकी परसात कुदळ लागंना आन इथली माती कशी भुसभुशीत हाय. तुमी दारातच होता. नगं म्हणायचं."

"नगं म्हटलं असतं तर कळलं असतं तुला," तातेराव म्हणाले. "मंग ही सखू..." आणि थांबले. आता कळलंच होतं.

नर्मदाबाईंनी पदर ओढून सखूचं तोंड झाकलं, जणू कुणी तिला वरून बघत होतं.

वऱ्हाडात एका जिनिंगच्या आवारात आम्ही राहिलो. पावसाळ्यात सखूला ताप आला. जायचा, पुन्हा यायचा. डॉक्टरनं हिवताप सांगितला, कडू गोळ्या दिल्या. नर्मदाबाई गोळ्या वेळेवर देत, पण त्यांचा जीव गोळ्यांत नव्हता. एकदा मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी शिकलेल्या. कळलेलं पुन्ना न कळल्यावानी करता येतं का?"

मी म्हणाले, "ताप हिवतापाचा आहे, नर्मदाबाई."

"ते मी न्हाई विचारलं."

दुसऱ्या दिवशी सखू ग्लानीत होती. आम्ही सगळे उशाशी बसलो होतो. नर्मदाबाई एकदम मोठ्यानं, तिऱ्हाइताला ऐकू जावं अशा आवाजात तातेरावांना म्हणाल्या, "अवं, आपल्या जांबाला पाणी कोण घालत असंल? माझं लेकरू त्या झाडाखाली उन्हातान्हात पडलंय."

तातेरावांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तेही मोठ्यानंच म्हणाले, "तिकडं पाऊस झाला असंल. झाडाखाली सावली हाय त्याला."

"व्हय. झाडाखालीच हाय ना त्यो?"

"झाडाखालीच."

ताप उतरला. गोळ्यांनी उतरला, असं मी आजही म्हणते. पण त्या दिवसापासून दोघं तसंच बोलू लागले, रोज, आणि मीही मान डोलावू लागले.

सप्टेंबरात सगळं निवळलं आणि आम्ही परतलो. पावसानं भिंतीचा वरचा थर ढासळला होता. जांबाच्या फांद्या फळांनी वाकल्या होत्या. वाफ्यात उन्हाळ्यात तुऱ्यावर येऊन गळालेलं बी आपोआप उगवून आलं होतं, दाट, पाय ठेवायला जागा नाही इतकं. नर्मदाबाई आधी झाडाकडे गेल्या. बुंधा सारवला, करवंटीत दूध ठेवलं, पडलेली फळं पुरली.

मग त्या वाफ्यात जाऊन बसल्या. मला वाटलं, आता हात लावणार नाहीत. पण न उपटणं म्हणजे ठाऊक असणं. जिला काही ठाऊक नाही अशी बाई आलेला सांबार उपटणारच. त्यांनी मूठ धरली आणि मुळासकट उपटली. मग दुसरी. चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती, आणि प्रत्येक मुठीला ती पाठ जराशी आक्रसत होती. सखू शेजारी बसून कोवळी पानं कच्चीच खात होती.

"खाय, माय," त्या तिला म्हणाल्या. "आपलाच हाय."

त्यांनी एक जुडी भिंतीवरून माझ्यापुढे धरली. "घ्या, मास्तरीणबाई. कवळा हाय."

माझा हात पुढे होईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. सखूला माझ्यासमोर उभं करावं तशी ती नजर होती. मी जुडी घेतली.

"वरणावर छान लागेल," मी जरा मोठ्यानंच म्हणाले.

घरात आणून निवडला, धुतला. मुळांची माती तपेलीच्या तळाशी बसली. भिंतीपलीकडे कुणी नाही असं बघून मी ते पाणी भिंतीवरून हळूच त्यांच्या वाफ्यावर ओतलं. मग सांबार बारीक चिरला, वरणावर घातला आणि जेवणाची पानं वाढली.