उपोषणाचा तांबडा रस्सा

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात नव्या नाटकांची स्पर्धा भरायची. नाटक त्याच वर्षी लिहिलेलं हवं, ही मुख्य अट. चांगलं हवं, अशी नव्हती. आमच्या दिग्दर्शकाने उपोषण करून मरणाऱ्या एका मास्तरांवर नाटक लिहिलं. मी मास्तरांची बायको. सामान आणि चहाही माझ्याकडेच, कारण मंडळीत बाई मी एकटीच.

मास्तरांचं काम गुळाच्या अडत्याचा मुलगा करायचा. वडिलांनी त्याला बजावलं होतं, "औंदा बक्षीस न्हाय आणलंस तर नाटक बंद. गप दुकानात बसायचं."

दिग्दर्शकाला सगळं खरं लागायचं. प्रयोगाच्या दिवशी त्याने पोराला सकाळपासून उपाशी ठेवलं. शेवटच्या प्रवेशात बायको मास्तरांना जेवायची गळ घालते, म्हणून मला खरा तांबडा रस्सा करायला लावला. मी मन लावून केला. तिथेच चुकलं.

पातेल्याचं झाकण काढलं आणि वास पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मास्तर नको म्हणाले. मी ताट पुढे सरकवलं, ते पुन्हा नको म्हणाले. कुणी जेवायला नको म्हटलं की कोल्हापूरकरांना चेव येतो. प्रेक्षकांतून सुरू झालं.

"घ्या की पावणं."

"मटण ऱ्हाऊ द्या, रस्सा तरी घ्या."

एवढ्यात पहिल्या रांगेतून पोराचे वडील उठले. आयुष्यात पहिल्यांदाच नाटकाला आले होते.

"सकाळपास्नं पोटात काय न्हाय त्येच्या. खातोस का वर येऊ?"

"मला मरायचंय अजून, आण्णा," पोरगं कळवळून म्हणालं.

"खाऊन मर."

मास्तरांनी खाल्लं. वर भाकरी मागून घेतली. दिग्दर्शकाने पडदा पाडला तेव्हा ते नळी चोखत होते.

निकालाची आशा कुणालाच नव्हती. पण परीक्षक पुण्याचे. नव्या नाटकांत प्रेक्षकांतही नट बसवतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झालं, "पहिल्या रांगेतील वडिलांची भूमिका करणाऱ्या कलावंतास."

वडील शांतपणे वर गेले आणि ढाल घेऊन आले.

"बक्षीस घरात आलं, आण्णा," पोरगं म्हणालं.

वडिलांनी ढाल उलटसुलट करून पाहिली. "आलं खरं."

पुढच्या तालमीला दोघेही हजर. वडिलांनी दिग्दर्शकाला गाठून विचारलं, "माझं काम किती पानांचं हाय?" तेव्हापासून दुकानात पोराची आई बसायला लागली. धंदा वाढला.