मागच्यांना ऐकू येत नाही

इंग्लंडमधली आमची ती काउंटी कौन्सिल, म्हणजे तिथली जिल्हा परिषद, आता राहिली नाही, आणि सभेतल्या त्या आजी तरी आता कुठल्या असायला! नव्वदच्या दशकात काउंटी मोडायची की ठेवायची, यावर आमच्या गावी, मेडनहेडला, जाहीर सभा व्हायच्या. मोडली तर आमच्या मुलीला नेणाऱ्या काउंटीच्या स्कूल बसचं काय, एवढंच मला विचारायचं असायचं. पण इंग्रजांच्या कौन्सिलबद्दल आपण काय बोलायचं, म्हणून मी साडीवर कोट घालून शेवटच्या रांगेत गप्प बसायचे.

त्या इंग्रज आजी पहिल्या रांगेत असायच्या. रेनकोटाची घडी मांडीवर ठेवायच्या आणि चेअरमन रंगात आले की हात वर करायच्या.

"मागच्यांना ऐकू येत नाहीये."

चेअरमन बिचारे सगळं पहिल्यापासून सांगायचे. मला तर अक्षर न् अक्षर ऐकू यायचं. काय खोड आहे म्हातारीला, असं मनात यायचं.

एकदा मध्यंतरात चहा घेताना मी त्यांना म्हटलंच, "अहो, मागे अगदी नीट ऐकू येतं."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "खरंच? तुम्ही दर वेळी येता आणि एक शब्द बोलत नाही. मला वाटलं, तुम्हाला ऐकूच जात नसणार, डिअर."

चहानंतर मी उभी राहिले. बसचं कसंबसं विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की पहिल्या रांगेतून लगेच तो हात वर आला.

"पुढच्यांना ऐकू येत नाहीये."

मग मी मोठ्याने बोलले. या देशात पहिल्यांदाच.